सराकिब : रस्ता सर्वांना हवा होता, माणसं कुणाला?



सीरियाच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की अलेप्पो, दमास्कस, रक्का ही नावं आपल्या तोंडी येतात. मी आज सराकिबविषयी बोलणार आहे. इदलिब प्रांतातलं हे छोटं शहर. युद्धापूर्वीची लोकसंख्या तीस-पस्तीस हजारांच्या घरातली. तिथे ना मोठा किल्ला, ना तेलाची विहीर. तरीही तेरा वर्षांत या शहराचा ताबा पुन्हा पुन्हा बदलला. का?

नकाशा पाहा. सीरियात एम-५ नावाचा महामार्ग आहे. तो दमास्कसहून होम्स, हमा करत अलेप्पोला जातो. देशातली अनेक मोठी शहरं या एका धाग्यात ओवलेली आहेत. दुसरा रस्ता एम-४. तो लाताकिया बंदराकडून अलेप्पोकडे येतो. हे दोन रस्ते सराकिबपाशी मिळतात. सराकिब ज्याच्या हाती, त्याला राजधानी आणि अलेप्पो यांच्यातली रसद रोखता येते. एवढ्याच कारणासाठी हे शहर सगळ्यांना हवं होतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बंडखोरांनी इथल्या लष्करी चौक्या घेतल्या आणि सरकारी सैन्याला शहर सोडावं लागलं. त्याच वेळी पकडलेल्या सैनिकांना गोळ्या घातल्याचं चित्रीकरण बाहेर आलं. हा युद्धगुन्हा असू शकतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने म्हटलं. पुढे सरकारचे विमानहल्ले होत राहिले. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी शहरावर क्लोरीन वायूचं नळकांडं टाकलं गेलं. ते सीरियन हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने टाकलं असं मानायला सबळ आधार आहे, असा निष्कर्ष रासायनिक शस्त्रबंदीसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तपासपथकाने २०२१ मध्ये दिला.

फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारी सैन्य शहरात शिरलं. महिनाअखेरीस तुर्कस्तानच्या मदतीने बंडखोरांनी ते परत घेतलं. मार्चच्या सुरुवातीला सरकारने ते पुन्हा जिंकलं आणि रशियाचे लष्करी पोलीस तिथे तैनात झाले. ५ मार्चला पुतिन आणि एर्दोगान यांनी मॉस्कोत करार केला. एम-४च्या दोन्ही बाजूंना सहा-सहा किलोमीटरचा सुरक्षा पट्टा ठरला. रस्त्याचं मोजमाप झालं. त्या हिवाळ्यात इदलिब परिसरातून नऊ लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून निघाली होती. सराकिबचे लोकही त्यांत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये हयात तहरीर अल-शामच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी याच टापूत एम-५ तोडला, सराकिब घेतलं, आणि ८ डिसेंबरला असद राजवट कोसळली.

युद्धशास्त्राच्या पुस्तकात सराकिबची गोष्ट इथे संपेल. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग अजून राहिला आहे.

युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत इथले तरुण शहराच्या भिंतींवर चित्रं काढत, कवितेच्या ओळी लिहीत. सराकिबच्या भिंती त्यामुळे देशाबाहेरही माहीत झाल्या. जुलै २०१७ मध्ये या लोकांनी स्थानिक परिषदेसाठी थेट मतदान घेतलं. लगेचच हयात तहरीर अल-शामचे हत्यारबंद लोक शहरात घुसले. नागरिक निःशस्त्र रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, एक तरुण कार्यकर्ता मारला गेला, तरी लोक हटले नाहीत. तेव्हा त्या संघटनेला शहरातून माघार घ्यावी लागली.

हा प्रसंग नीट समजून घ्या. आपल्या मोबाइलवर सीरियाचं युद्ध बहुतेक वेळा शिया विरुद्ध सुन्नी असंच येतं. सराकिबमध्ये त्या दिवशी बंदूक रोखणारे सुन्नी होते आणि बंदुकीसमोर उभे राहणारेही सुन्नी. भांडण पंथाचं नव्हतं. गावाचा कारभार कुणी ठरवायचा, मत देणाऱ्याने की बंदूकवाल्याने, हा प्रश्न होता. दीनचं नाव घेतल्याने हा प्रश्न मिटत नाही, आणि राष्ट्राचं नाव घेतल्यानेही नाही. सराकिबच्या लोकांनी दोन्ही अनुभव घेतले.

म्हणून कुणी आपल्याला विचारलं, 'तू असदच्या बाजूचा की बंडखोरांच्या?' तर घाईने एक झेंडा उचलू नका. क्लोरीन टाकणाऱ्याचा निषेध करा, कैद्याला गोळी घालणाऱ्याचाही करा. कैदी कुठल्या पंथाचा होता हे आधी विचारू नका. न्याय पंथ पाहून बदलत असेल, तर तो न्याय नव्हे, टोळीची निष्ठा झाली.

२०१७ मध्ये ज्यांना सराकिबमधून मागे फिरावं लागलं, त्याच संघटनेचे नेते आज दमास्कसमध्ये सत्तेवर आहेत. तिथल्या नव्या कारभाराबद्दल बातम्या येत राहतील. करार, रस्ते, बंदरं यांची चर्चा होईल. ती वाचताना एक प्रश्न विचारत चला : सराकिबच्या माणसाला आपल्या गावाचा कारभारी निवडता येतो का, आणि तो आवडला नाही तर न घाबरता तसं भिंतीवर लिहिता येतं का?