घाटाखालचा मुलूख

छिंदवाड्याहून नागपूरकडे निघालेली मोटार सिल्लेवानीच्या घाटास लागली, की काही वेळ दोन्ही बाजूंना डोंगर आणि जंगल यांखेरीज दुसरे काही दिसत नाही. घाट संपतो आणि अवघ्या काही मैलांत सारेच बदललेले असते. वर पठारावर मक्याची शेते होती. येथे काळ्या मातीत पऱ्हाटी आणि तूर उभी आहे, आणि विहिरींच्या आश्रयाने संत्र्यांच्या बागा. वर वाटसरूची विचारपूस हिंदीत होत होती. येथे 'कुठं चालले जी?' असा प्रश्न कानी पडतो.

जुन्या इंग्रजी दप्तरांत या जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग सांगितलेले आढळतात. सातपुड्याच्या माथ्यावरचा तो बालाघाट आणि पायथ्याचा तो जेरघाट. 'जेर' म्हणजे खालचा. मराठीत शत्रूला 'जेर करतात' तोच हा फारशी शब्द. जेरघाटाने मात्र कोणापुढे मान तुकविली असे नव्हे. उलट पावसाचे पाणी आणि डोंगरावरून वाहत आलेली माती, दोन्ही त्याच्याच पदरात पडली. सौसर आणि पांढुर्णा ही या पट्ट्यातील दोन मुख्य गावे.

येथील नद्यांचा कल पाहिला म्हणजे या मुलखाचा स्वभाव कळतो. पश्चिमेस मुलताईच्या पठारावर तापी उगम पावते आणि पश्चिम समुद्राची वाट धरते. त्याच पठारावरून निघणारी वर्धा दक्षिणेस विदर्भात उतरते. पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस, आणि ते सारे पाणी अखेर गोदावरीत जाते. पाण्यामागून माणसेही दक्षिणेकडेच गेली. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी याच डोंगराळ प्रदेशातून खाली येऊन नागपूर वसविले. नागपूरकरांनी हे ऋण लक्षात ठेवावयास हरकत नाही. पुढे भोसल्यांचा अंमल आला, कुणबी, माळी, तेली, कोष्टी, भोयर-पवार अशा समाजांची वस्ती दाट झाली, आणि गोंडांच्या या भूमीत मराठी बोली घट्ट रुजली.

1956 पर्यंत या व्यवस्थेत फारसा विसंवाद नव्हता. प्रांताची राजधानी नागपूर होती, उच्च न्यायालय नागपूरला होते आणि कापसाची पेठही नागपूरचीच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि सौसर-पांढुर्ण्याच्या दक्षिणेस राज्याची सीमा उभी राहिली. तेव्हापासून येथील माणसाचे सरकारी काम भोपाळला आणि वरच्या कोर्टातील खटला जबलपूरला. पण आजारी माणसाला न्यायचे, मुलीला स्थळ पाहायचे किंवा लग्नाचा बस्ता बांधायचा तर पाय वळतात नागपूरकडेच. पांढुर्णे तर नागपूर–इटारसी या हमरस्त्यासारख्या लोहमार्गावर आहे. सौसरला नागपूर–छिंदवाडा ही अरुंद रुळांची गाडी होती. ती 2015 साली बंद होऊन आता तेथे रुंद रूळ आले आहेत.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णे व सौसर या तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याची कचेरी प्रथमच घाटाखाली आली, हे खरे. पण कचेरी आली म्हणून विहिरीला पाणी येत नाही. आणि या मुलखाचा खरा प्रश्न तोच आहे.

संत्र्याचे झाड जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार करतात. रोप लावल्यापासून चांगले पीक हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागते. तेव्हा बाग लावणे म्हणजे पुढच्या वीस वर्षांच्या पाण्याविषयी आज निर्णय करणे होय. झाडाला फुलोरा यावा म्हणून त्याचे पाणी काही आठवडे तोडतात. यास 'ताण देणे' म्हणतात. हिवाळ्यात ताण देऊन धरलेला बहार तो आंबिया. पावसाच्या तोंडावर धरलेला तो मृग. आंबियाची फळे दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात, पण ती कोवळी असतानाच वैशाखाचे ऊन झेलतात, आणि त्या वेळी विहीर आटली तर फळ झाडावर राहत नाही. मृगाला फुलोऱ्यापुरता पाऊस साथ देतो. मात्र पाऊस लांबला तर बहारच फुटत नाही. शेतकरी विहिरीत डोकावून बहार ठरवितो, तो यामुळे.

खाली खडक आहे तो काळा, दख्खनचा. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते तेवढेच पाणी. पूर्वी मोटेने उपसले जाई तेव्हा उपशाला बैलांच्या दमाची मर्यादा होती. विजेचा पंप दमत नाही. विहिरी कोरड्या पडू लागल्या तशा नळविहिरी आल्या. त्या खोल गेल्या तरी खडकाने आपले माप वाढविले नाही. त्यात पुन्हा कोळशी आणि डिंक्या हे रोग आहेतच. एखाद्या कडक उन्हाळ्यात वाळलेली बाग तोडून शेतकरी तेथे पुन्हा पऱ्हाटी लावतो, तेव्हा पंधरा वर्षांचा संसार मोडल्यासारखे त्यास वाटते.

बोलीचीही थोडी अशीच स्थिती आहे. 'तो जाऊन राहिला' हा येथील प्रयोग हिंदीच्या शेजाराने आलेला, आणि त्यात काही वावगे नाही; शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणल्याने घर बुडत नाही. पण अर्ज हिंदीत, शाळेचे पुस्तक बहुधा हिंदीत, आणि आजीच्या गोष्टी मात्र मराठीत, अशी वाटणी झालेल्या मुलाला मराठी ऐकता येते, बोलता येते, वाचता मात्र येत नाही.

बाहेरच्या जगास पांढुर्णे ठाऊक आहे ते एका दिवसापुरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका तीरावरून पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्यावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. ही गोटमार. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची मुलगी पळून जात असता नदीत अडविली गेली, अशी तिची कथा सांगतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात. मृत्यूही झाले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदीचे हुकूम काढून पाहिले. लोकांनी मानले नाही. परंपरेचा अभिमान समजू शकतो, पण तिच्यापायी फुटलेला डोळा परत येत नाही, हे त्याच गावातील अनेक घरे जाणतात.

सायंकाळी झेंडा चंडीच्या देवळात जातो आणि दगड थांबतात. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधलेला माणूस पुन्हा बागेत असतो. आंबियाची फळे अजून हिरवी असतात, फळगळीचे दिवस असतात, आणि झाडाखाली रात्रीतून किती पडली हे त्याला उजाडताच मोजावयाचे असते.