ताटातून गेलेला कोंडा



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने पगार, बोनस, कामाचे तास यांविषयी बोलावे. वयात येणाऱ्या मुलांच्या पोटातील चोथ्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. कामगाराच्या कमाईचा मोठा वाटा ताटात जातो आणि त्या ताटात काय पडावे हे एकट्या जिभेवर ठरत नाही. ते दरावर ठरते, वेळेवर ठरते आणि कायद्यावरही ठरते. आम्ही वैद्य नव्हेत. वाचून जे पडताळता आले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

धान्याचा कोंडा, कडधान्याचे टरफल, पालेभाजीच्या शिरा, फळांच्या साली यांतील जो भाग आपल्या पाचकरसांना फोडता येत नाही, तो चोथा. नारळाचे दूध काढल्यावर उरतो त्यालाही आपण चोथाच म्हणतो. म्हणजे नावातच ‘टाकाऊ’ हा निकाल लागलेला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. चोथा पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ करून पुढे सरकवतो. जेवणातली साखर तो रक्तात सावकाश उतरू देतो. मोठ्या आतड्यातले असंख्य सूक्ष्म जंतू त्याच्यावरच पोसले जातात आणि आतड्याच्या अस्तराला उपयोगी अशी आम्ले तयार करतात.

डेनिस बर्किट नावाच्या आयरिश शल्यवैद्याने युगांडात जवळजवळ वीस वर्षे काम केले. श्रीमंत देशांत घरोघर आढळणारे आतड्याचे विकार तेथील खेडुतांत क्वचित दिसतात, हे त्याने पाहिले आणि १९७० नंतरच्या दशकात त्याचा संबंध अन्नातील चोथ्याशी जोडला. त्याची सारीच अनुमाने टिकली असे नव्हे. पण मूळ मुद्दा टिकला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की, दहा वर्षांवरील प्रत्येकाच्या पोटात रोज निदान २५ ग्रॅम चोथा जावा आणि भाज्या व फळे मिळून ४०० ग्रॅम जावीत.

आता हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. बाजरीत आणि कणकेत सुमारे ११ ग्रॅम. मैद्यात व सडलेल्या पांढऱ्या तांदळात तो ३ ग्रॅमही भरत नाही. तेव्हा दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ आणि एक पेरू एवढ्यावरच पोरगा विसाच्या घरात पोचतो. उरलेले काम पालेभाजी करते. याउलट ७० ग्रॅमच्या मैद्याच्या शेवयांनी त्याच्या पदरात २ ग्रॅमही पडत नाहीत. भूक मात्र मरते.

येथवर ऐकून वडीलमंडळी मुलांकडे बोट दाखवतील. थोडे थांबावे. भाकरी ही गरिबाची आणि पोळी पाहुण्याची, तांदूळ जितका शुभ्र तितके घर प्रतिष्ठित, हे मुलांना कोणी शिकवले? डब्यात भाकरी निघाली म्हणून वर्गात कोपऱ्यात बसून खाणारा मुलगा ती लाज पोटातून घेऊन आलेला नसतो. आपल्या आज्या कोंड्याचा मांडा करीत; आपण कोंडा चाळून टाकला आणि तोच आता सुंदर डब्यात भरून औषधाच्या दुकानातून आणतो!

दुसरी गोष्ट वेळेची. भाकरी थापायला हात लागतात आणि सकाळच्या पाळीला निघालेल्या आईला दोनच हात असतात. म्हणून हा प्रश्न एकट्या आईच्या गळ्यात बांधू नये. चौदा वर्षांच्या मुलाने, मुलीने नव्हे तर मुलानेही, मटकी भिजत घालावी, कणीक मळावी. कणीक बारीक चाळणीने चाळू नये. या सुधारणेला एक पैसा लागत नाही. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते, म्हणून हळूहळू वाढवावा आणि त्याबरोबर पाणी भरपूर प्यावे. मात्र शाळेतले स्वच्छतागृह जाण्याजोगे नसले की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. अशा मुलीला चोथ्यावर व्याख्यान देणे म्हणजे तिची थट्टा आहे. तिला आधी स्वच्छ संडास द्या.

तिसरी गोष्ट कायद्याची. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववीत, ज्या वयात हाडे वाढतात आणि भूक दुप्पट होते, त्याच वयात सरकारची पंगत उठते. २०२० साली नियम झाला की, शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति तेलकट, खारट व गोड पदार्थ विकू नयेत. नियम चांगला आहे. पण बंदीने भूक भागत नाही. एकावन्नाव्या मीटरवर दुकान उभेच असते.

येथे आमच्या चळवळीतील एक अनुभव उपयोगी पडेल. १९४८ च्या कारखाने कायद्यात अशी तरतूद झाली की, २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृह ठेवण्यास सरकारला नियमाने भाग पाडता यावे आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी असावेत. यातले मर्म दुसऱ्या भागात आहे. जेवणारा माणूस समितीत बसला की दर, दर्जा आणि डाळीचा पातळपणा यांवर प्रश्न निघतात. मग हजार मुलांच्या कनिष्ठ महाविद्यालयात मुलांची समिती का नसावी? उसळ किती रुपयांस द्यावी, पेरू-केळी ठेवावीत की नाही, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह कसे आहे, हे त्यांनीच तपासावे. वेष्टनामागचा मजकूर वाचून ‘मैदा’ हा शब्द हुडकणारी मुलगी कोणत्याही उपदेशाहून अधिक काम करील.

सभ्य गृहस्थहो, मुलांना ‘हे खा’ म्हणून सांगितल्याने ती खात नाहीत, हे प्रत्येक घर जाणते. त्यांना हिशेब द्यावा, अधिकार द्यावा आणि भाकरीची लाज आधी आपण सोडावी. उद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या चालकांकडे ही मागणी घेऊन जाण्यास येथील पालकांपैकी जे तयार असतील, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे.