जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळाला, चर्चला किंवा पडक्या वाड्याला लावतो. सायकलीला तो लावणे काही श्रोत्यांना अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु तीस वर्षांपूर्वीची एखादी जाड टायरची, गिअरची डोंगरी सायकल, म्हणजे ‘माउंटन बाइक’, माळ्यावरून खाली उतरवली की प्रश्न तोच उभा राहतो : जुने किती राखावे आणि नवे किती करावे?

या सायकलीचा जन्मच मुळी जुन्यात केलेल्या फेरफारांतून झाला. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन हा जिल्हा आहे. तेथील काही तरुण १९७० नंतरच्या दशकात महायुद्धापूर्वीच्या फुगीर टायरच्या सायकली विकत घेत आणि त्यांचे सांगाडे राखून ब्रेक, गिअर, हँडल बदलून डोंगरउतारावरून दामटीत. मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. म्हणून १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीला ‘रीपॅक’ हेच नाव पडले. पुढे १९७७ साली जो ब्रीझ याने या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा बांधला. १९८१ साली ‘स्टम्पजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली सायकल बाजारात आली. आणि १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. तेव्हा एकही भाग बदलू नये, असा सोवळेपणा या सायकलीच्या बाबतीत तरी इतिहासाला धरून नाही.

मग सारेच बदलावे काय? माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी हा वाद झाला. सायकल त्याच्या दिवंगत वडिलांची. आईला वाटे, ती रंगवून नव्यासारखी करावी. काका म्हणत, तिला हातही लावू नये. मुलाला मात्र ती रोज शाळेत न्यायची होती. सांगाड्याच्या आडव्या नळीवर वडिलांनी स्वतःच्या हाताने, पांढऱ्या रंगात आपले नाव लिहिले होते. रंगाऱ्याकडे सायकल गेली असती तर जुन्या रंगाबरोबर ती अक्षरेही खरवडली गेली असती. नवा रंग केव्हाही देता येतो. गेलेले हस्ताक्षर मात्र परत येत नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की सायकल चालवायची आहे की जपून ठेवायची? चालवायची असेल तर जिवाशी संबंध असलेल्या भागांत भावनेला वाव नाही. हँडलखालचा सांधा आणि पुढचा चिमटा उजेडात नीट पाहावा. रंगावर बारीक सुरकुती किंवा गंजाची रेघ दिसली तर आत तडा असू शकतो. तसा तडा निघाला तर सायकल भिंतीवर टांगावी, रस्त्यावर नेऊ नये. कडक झालेले ब्रेकचे रबर, गंजलेल्या तारा, भेगाळलेले टायर बिनदिक्कत बदलावेत. टायर घेताना केवळ ‘२६ इंची’ एवढे पाहून भागत नाही. डोंगरी सायकलीच्या रिमवर टायर बसतो तेथील व्यास ५५९ मिलिमीटर असतो, तर २६ इंची म्हणूनच विकल्या जाणाऱ्या एका साध्या प्रकारात तो ५९० असतो. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

साखळीचीही परीक्षा सोपी आहे. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्याच कड्या एक अष्टमांश इंचाने जास्त भरू लागल्या, तर साखळीबरोबर मागची दातेरी चक्रेही बहुधा झिजलेली असतात. सीटचा ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत घट्ट बसला असेल तर हातोडा चालवू नये. दोन धातू ओलाव्यामुळे एकमेकांना धरून बसलेले असतात. गंज सोडवणारे तेल घालून काही दिवस वाट पाहावी.

बाकीच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. फिकटलेला रंग हा दोष नव्हे. गंज जेथे आहे तेवढाच घासून तेथे रंगाचा ठिपका द्यावा. काढलेले जुने भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावेत, म्हणजे पुढच्या माणसाला आपला निर्णय फिरवता येईल. खर्चाचा आकडाही आधीच कागदावर मांडावा. एक भाग नवा झाला की शेजारचा जुना दिसू लागतो, आणि हात थांबत नाही.

त्या घरी शेवटी ब्रेक, तारा, साखळी, मागची चक्रे आणि टायर बदलले. चाकांतले छर्रे धुऊन ग्रीस भरले. रंगाला कोणी हात लावला नाही. मुलगा आता त्या सायकलीवरून शाळेत येतो. पायडल मारताना त्याच्या गुडघ्यांच्या मधोमध वडिलांचे नाव असते. काका अजून म्हणतात की, पावसात ती बाहेर काढू नये. मुलगा पावसातही काढतो, आणि घरी गेल्यावर पुसून ठेवतो.