फोटो बोलतो, पण सापडतो शब्दांनी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



साताऱ्यातल्या आमच्या स्टुडिओच्या दारात वडिलांनी काचेची एक शोकेस लावली होती. नवरा-नवरीचा जोडफोटो, पाटावर बसवलेले बाळ, पदवीचा झगा घातलेला एखादा मुलगा, असे पाच-सहा फोटो तिच्यात असत. येणारा-जाणारा क्षणभर थांबे, फोटोतले कोण ते ओळखू पाही आणि पुढे जाई. वडील म्हणायचे, "शोकेस बघतो तो हौशी, पाटी वाचतो तो गिऱ्हाईक." पाटीवर साधे शब्द होते : पासपोर्ट फोटो, लग्नाचे फोटो, जुने फोटो दुरुस्त करून मिळतील. ज्याला नड असे, तो पाटी वाचून जिना चढे.

आज फेसबुक आणि इन्स्टाग्राम या आम्हा फोटोग्राफरांच्या शोकेस झाल्या आहेत. मीही त्यांत रोज फोटो टाकत होतो. वाहवा भरपूर मिळे. मात्र एकदा शांतपणे यादी पाहिली, तर वाहवा करणाऱ्यांत निम्मे फोटोग्राफर होते आणि उरलेले नातेवाईक! त्यांच्यापैकी कुणाच्या घरी त्या वर्षी लग्न नव्हते. पुढे ऐन लग्नसराईत एका सकाळी माझे एक खाते बंद पडले. कारण कळेना, दाद कुठे मागायची तेही कळेना. तीन आठवडे फोन जवळजवळ वाजलाच नाही. शोकेस भाड्याच्या जागेत होती आणि स्वतःची पाटी मी लावलेलीच नव्हती, हे तेव्हा ध्यानात आले.

ही पाटी म्हणजे आपले स्वतःचे संकेतस्थळ. गुगलसारख्या शोधयंत्राला ते सापडावे आणि समजावे यासाठी जी मशागत करावी लागते, तिला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' म्हणजेच 'एसईओ' म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम पाटी रंगवण्याचेच. इन्स्टाग्रामवर माणूस बहुधा वेळ घालवायला येतो. गुगलवर मात्र तो प्रश्न घेऊन येतो. 'सातारा लग्नाचे फोटोग्राफर' असे रात्री अकरा वाजता टाइप करणाऱ्याच्या हातात लग्नाची तारीख असते, आणि बहुधा कार्यालयाची पावतीही.

आता अडचण अशी, की आम्ही फोटोग्राफर मंडळी लिहिण्याच्या बाबतीत आळशी. 'फोटोच बोलतो' असे म्हणून आम्ही मोकळे होतो. तुम्ही या क्षणी मला ऐकता आहात, पाहत नाही. मी म्हटले, 'हा बघा किती सुंदर फोटो', तर तुमच्या हाती काय लागेल? शोधयंत्राचेही बरेचसे असेच आहे. अलीकडे त्याला चित्रातले पुष्कळ कळू लागले आहे. नदी, घाट, नवरी हे ते ओळखते. पण काम कोणी केले, तो फोटोग्राफर कुठे राहतो, किती पैसे घेतो, हे त्याला शब्दांतच सांगावे लागते.

सुरुवात फोटोच्या नावापासून करावी. कॅमेरा फोटोला 'डीएससी ४५१२' असे नाव देतो आणि आम्ही ते तसेच चढवतो. त्याऐवजी 'मेनवली घाट प्री-वेडिंग' असे नाव द्यावे. प्रत्येक फोटोला एक पर्यायी मजकूरही जोडता येतो. अंध वाचकांचे यंत्र तो मोठ्याने वाचून दाखवते. मुळात तो त्यांच्यासाठीच असतो. समोर न दिसणाऱ्या माणसाला फोटो एका वाक्यात सांगायचा, एवढेच मनात धरून तो लिहावा. शोधयंत्राचेही काम त्यातच होते.

दुसरी गोष्ट फोटोच्या वजनाची. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल सहज आठ-दहा एमबीची असते. असे वीस फोटो एका पानावर टाकले, तर गावाकडे मोबाइलवर ते पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे निघून जाते. रुंदी दोन हजार पिक्सेलच्या आत आणि वजन दोन-चारशे केबी पुरते. गुगलही आता पानाची मोबाइलवरची आवृत्तीच प्रामुख्याने पाहते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गिऱ्हाईक जे प्रश्न फोनवर विचारते, त्यांची उत्तरे पानावर लिहून ठेवावीत. वाईजवळच्या मेनवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट आहे. 'स्वदेस' या २००४ च्या चित्रपटाने तो घराघरांत पोचवला. पुण्या-मुंबईची जोडपी तिथे फोटो काढायला येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले : ऊन कोणत्या वेळी चांगले असते? गर्दी कधी नसते? परवानगी कोणाची लागते? कपडे कुठे बदलायचे? पावसाळ्यात घाटावर उतरता येते का? खर्च किती? मी या प्रश्नांचे एक स्वतंत्र पान केले. लग्नाचे वेगळे, बाळांच्या फोटोंचे वेगळे. मराठीतही लिहिले आणि इंग्रजीतही, कारण आपली माणसे दोन्हींत शोधतात. रोमन अक्षरांत मराठी टाइप करणारेही कमी नाहीत. लोक नेमके कोणते शब्द टाइप करून आपल्याकडे आले, हे 'सर्च कन्सोल' या गुगलच्या मोफत साधनात दिसते. ती यादी पाहिली, की आपण वापरतो ते शब्द आणि गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द यांतले अंतर कळते. मी 'कँडिड' लिहीत होतो, लोक 'लग्नाचे फोटो' शोधत होते.

शिवाय गुगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करावी. तिला पैसे पडत नाहीत. जवळचा फोटोग्राफर शोधणाऱ्याला कोण आधी दिसावा, हे गुगल मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवते : काम जुळते का, अंतर किती आणि नाव किती जाणते आहे. म्हणून नाव, पत्ता, दूरध्वनी सगळीकडे सारखेच लिहावेत. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला खरा अभिप्राय लिहायची विनंती करावी. सवलत देऊन किंवा विकत घेऊन अभिप्राय मिळवू नयेत, ते नियमात बसत नाही. गुगलची सुरुवातीची कल्पनाच अशी होती, की ज्या पानाचा हवाला इतर चांगली पाने देतात ते पान वजनदार. गावात चार भल्या माणसांनी नाव सांगावे, तसेच हे. ज्या मंगल कार्यालयात आपण काम केले, त्यांच्या संकेतस्थळावर आपल्या फोटोंखाली आपले नाव आणि दुवा असेल, तर तो असाच हवाला ठरतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. 'पंधरा दिवसांत पहिल्या क्रमांकावर आणतो' असे फोन तुम्हालाही येतील. मीही एकदा असे पैसे घालवले. त्या गृहस्थांनी पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सातारा फोटोग्राफर' हे शब्द शेकडो वेळा भरून ठेवले. गुगल अशा लबाडीला दंड करते, आणि ते पान वर येण्याऐवजी दिसेनासे झाले. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलच सांगते. प्रामाणिक मेहनतीचे फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागते. तोवर शोकेसही चालू ठेवावी; ती मोडून टाका असे माझे म्हणणे नाही.

आता शेवटी एक अनुभव सांगतो. आमचे वडील जुने, फाटके फोटो हाताने दुरुस्त करीत. त्यांची आठवण म्हणून २०१८ मध्ये मी 'जुने फोटो दुरुस्ती' असे एक पान मराठीत लिहिले. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका, स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सोडवा, उन्हात न घालता सावलीत पसरून वाळवा, असे वडिलांकडून शिकलेले चार शब्द त्यात होते. वर्षभर त्या पानाकडे कोणी फिरकले नाही. मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचा पूर सांगलीच्या घराघरांत शिरला. पाणी उतरल्यावर एक दिवस फोन आला. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. नातवाने मोबाइलवर माझे पान शोधून दिले होते. "यजमानांचा एकच फोटो होता हो. तुमचं वाचलं म्हणून ओढला नाही, पाण्यातच ठेवलाय. आता पुढं काय करू?"

तो फोटो वाचला. एक कोपरा गेला, चेहरा राहिला. त्यानंतर महिनाभर सांगलीहून अल्बम येत होते. बऱ्याच जणांकडून मी पैसे घेतले नाहीत. तरी त्याच घरांतून पुढे लग्नाची कामे आली.

वर्षापूर्वी समाजमाध्यमावर टाकलेला मजकूर त्या बाईंना त्या दिवशी सापडला असता का? मला शंका आहे. पान मात्र वर्षभर पाटीसारखे उभे होते, ज्याला नड पडेल त्याची वाट बघत. तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंनो, आज रात्री एक फोटो कमी टाका आणि गिऱ्हाइकाने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर सरळ मराठीत लिहून ठेवा. कुणीतरी ते शोधत येईल.