वेशीवरचा नाका आणि करारावरची सही

(शाहूवाडी येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



शाहूवाडीकरांसमोर कोल्हापूरच्या टोलविषयी बोलावे, याचे कुणाला नवल वाटेल. रस्ते शहराचे, महापालिका शहराची. आपला संबंध काय? त्या महापालिकेच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही, हे खरे. पण दवाखाना, कचेरी, बाजार यांसाठी शहर गाठावेच लागते, आणि नऊ नाके उभे राहिले ते शहराच्या वेशींवर. ज्यांना कुणी विचारले नाही, त्यांच्याही खिशाला तो करार जाऊन भिडला.

महापालिकेकडे रस्त्यांसाठी पैसा नव्हता. 2008 साली महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबीची कंपनी यांच्यात करार झाला. सुमारे 220 कोटींचे काम, 49 किलोमीटरहून थोडे अधिक रस्ते. खर्च कंपनीने करायचा आणि 30 वर्षे टोल घ्यायचा. शिवाय टेंबलाईवाडीचा भूखंड 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. पदरचे काही न घालता रस्ते मिळणार, ही कल्पना तेव्हा अनेकांना गोड वाटली. आम्हा पत्रकारांपैकीही काहींना वाटली. मी त्यांतलाच एक. तीस वर्षे म्हणजे आज पाळण्यात असलेले मूल बाप होईपर्यंतचा काळ, हा हिशेब कुणी मांडलाच नाही.

ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली आणि शहर पेटून उठले. जानेवारी 2014 मध्ये नाके जाळले गेले. ती जाळपोळ मला तेव्हा पटली नाही, आजही पटत नाही. परंतु मोर्चे विराट होते. भगवा आणि लाल बावटा एकाच रस्त्यावर होते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्याशी आपले वैचारिक मतभेद जगजाहीर आहेत. तरीही ऐंशी ओलांडलेले एन. डी. उन्हातान्हात लोकांबरोबर चालत, हे सांगायला संकोच कशाला? पानसरे यांची 2015 च्या फेब्रुवारीत हत्या झाली. टोल उठलेला त्यांना पाहता आला नाही.

प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने 2014 मध्ये वसुलीला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही आणि नाके पुन्हा सुरू झाले. गटारे, पदपथ अपुरे, काम अर्धवट, असे नागरिक ओरडून सांगत होते. पण कोर्टात घोषणा चालत नाहीत; तेथे कागद बोलतो, आणि कागदावर महापालिकेची सही होती.

अखेर डिसेंबर 2015 मध्ये राज्य शासनाने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. शहरात गुलाल उधळला गेला. मात्र करार मोडायचा तर कंपनीची गुंतवणूक परत करणे आले. कामाचे मूल्यांकन करण्यात आले आणि भरपाईचा भार शासनाच्या तिजोरीवर पडला. ती तिजोरी शाहूवाडीच्याही करातून भरते.

आता आपले प्रश्न घेतो. मलकापूर नगरपरिषदेविषयी कुणी विचारणार असेल, तर त्यापासूनच सुरुवात करू.