पाहुण्याची खोली आणि यजमानाचा शब्द

नागपूरच्या ईशान्येस सुमारें ५० किलोमीटरवर वसलेल्या रामटेकास पाहुणा नवा नाहीं. गडावरच्या रामाच्या दर्शनास येणारा भाविक, कार्तिकांत त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेस लोटणारा जनसमुदाय, मेघदूतांतील रामगिरि तो हाच या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या प्रतिपादनामुळें ओढला जाणारा काव्यरसिक, खिंडसीच्या जलाशयावर सुटी घालविणारें नागपूरचें कुटुंब, पेंचच्या अरण्याकडे निघालेला प्रवासी, असे नाना परींचे लोक येथें येतात. त्यांस एक-दोन रात्रींपुरता निवारा हवा असतो. आणि मुलें परगांवीं गेल्यामुळें एखाद्या गृहस्थाच्या घरांतील दोन खोल्या रिकाम्या पडलेल्या असतात. या दोघांची गांठ घालून देणें हा आतां जगभर पसरलेला व्यवसाय झाला आहे.

२००७ सालीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें, एका परिषदेमुळें हॉटेलें भरून गेलीं असतां, घरभाड्याच्या विवंचनेंत असलेल्या दोन तरुणांनीं आपल्या बिऱ्हाडांत हवेच्या गाद्या अंथरल्या व परक्यांस पैसे घेऊन उतरवून घेतलें. त्यांतूनच पुढील वर्षीं एअरबीएनबी ही कंपनी निघाली. घरधन्यानें महाजालावर खोलीचें वर्णन, छायाचित्रें व दर द्यावे; प्रवाशानें दुरूनच खोली राखून ठेवावी; मुक्काम संपल्यावर दोघांनींही एकमेकांविषयीं अभिप्राय लिहावा, अशी तिची रीत आहे.

महाराष्ट्रास ही कल्पना अगदींच परकी नाहीं. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यात्रेकरूंस आपल्या वाड्यांत उतरवीत, आणि त्यांच्या वह्यांत त्या त्या घराण्याचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या उतरत. आजोबांचें नांव वहींत सांपडलें कीं नातू निःशंकपणें त्याच दारीं मुक्काम करी. आतां तो विश्वास कोणा अनोळखी पाहुण्यानें लिहिलेल्या चार ओळींवर उभा राहतो, एवढाच काय तो भेद.

मग या व्यवसायांत यश कोणास येतें? उंची सामान आणि भव्य वास्तु ज्याच्याजवळ आहे त्यासच येतें, असें मुळींच नाहीं. जो यजमान आहे तेवढेंच सांगतो आणि सांगितलें तेवढें निश्चित देतो, त्याच्याकडे लोक पुनःपुन्हां येतात. खोली लहान असेल तर ती छायाचित्रांत लहानच दिसावी. गडाच्या परिसरांत माकडांचा उपद्रव असतो, तरी खिडकी उघडी टाकूं नये, हें पाहुण्यास आधींच कळवावें. वैशाखांत नागपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो; तेव्हां खोलींत कूलर आहे कीं नुसता पंखा, हें लपवून ठेवण्यांत शहाणपणा नाहीं. जी उणीव आधीं सांगितली तिची तक्रार सहसा होत नाहीं. जी झांकली तीच अभिप्रायांत ठळक अक्षरांनीं उमटते.

या कंपनीनें उत्तम यजमानांस ‘सुपरहोस्ट’ हें पद ठेविलें आहे. त्यासाठीं पाहुण्यांनीं दिलेल्या गुणांची सरासरी पांचांपैकीं निदान ४.८ असावी लागते. शेंकडा ९० पृच्छांस २४ तासांच्या आंत उत्तर जावें लागतें. आणि स्वीकारलेला मुक्काम यजमानानेंच रद्द करण्याचें प्रमाण शेंकडा १ हून कमी असावें लागतें. यांतील पहिली अट दिसते त्याहून कडक आहे. दहा पाहुण्यांपैकीं नऊ जणांनीं पांच गुण दिले आणि एकानें दोनच दिले, तर सरासरी ४.७ वर येते. एक मळकी चादर नऊ जणांच्या संतोषावर पाणी फिरविते, असा याचा अर्थ.

परंतु खरी कसोटी लागते ती यात्रेच्या दिवसांत. महिनाभर आधीं एका कुटुंबास ठरलेल्या दरानें खोली दिलेली असते. पौर्णिमा जवळ येतांच दुसरा कोणी तिप्पट पैसे देऊं करितो. पहिल्यास कांहीं सबब सांगून वाटेस लावणें सोपें असतें. पण तें कुटुंब लेंकरांसह गर्दीत उतरल्यावर त्यास त्या रात्रीं दुसरें छप्पर कोठें मिळावें? त्या एका रात्रीचा नफा यजमानास मिळेल. मात्र गेलेली पत वर्षभर भरून येणार नाहीं. शिवाय परक्या गांवीं मुलांसह उघड्यावर पडलेल्या माणसाच्या हालांची भरपाई कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं.

सचोटीचा संबंध सरकाराशींही येतो. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांच्या आंत संबंधित अधिकाऱ्यांस कळविणें कायद्यानें आवश्यक आहे. शेजाऱ्यांच्या मनांतील शंका दूर करण्यासही अशी चोख नोंदच उपयोगी पडते.

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी या शब्दाची परंपरागत फोड सांगतात. अवचित आलेल्या माणसासही ज्या समाजानें विन्मुख धाडूं नये असें मानिलें, त्या समाजांत तिथि ठरवून आणि मोल देऊन येणाऱ्या पाहुण्याविषयींचें कर्तव्य अधिकच स्पष्ट आहे. ठरल्या वेळीं दार उघडें असावें, दिवा लागलेला असावा आणि सांगितलेली खोली स्वच्छ असावी. एवढें ज्याच्या हातून नित्य घडतें, त्याची दोन खोल्यांची जागाही रिकामी राहत नाहीं.