विमानप्रवाशांची नोंदवही आणि नागरिकाचा हक्क

(उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



विमानाच्या तिकिटाचा आणि आपल्या हक्कांचा काय संबंध, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. आपली मुले आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जात आहेत, एवढे एकच कारण या विषयाकडे लक्ष देण्यास पुरेसे आहे. याहून मोठेही एक कारण आहे. त्याकडे मी येतोच.

तिकीट काढताना प्रवासी आपले नाव, पत्ता, दूरध्वनी, पैसे भरण्याची रीत, सोबतची माणसे, सामान ही सारी माहिती विमान कंपनीस देतो. या नोंदीस पॅसेंजर नेम रेकॉर्ड म्हणतात. कंपनी ती आपल्या धंद्यासाठी ठेवते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने ती सरकारला देण्याची सक्ती केली. युरोपीय संघाने २०१६ साली तसाच निर्देश काढला आणि डिसेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने सर्व राष्ट्रांवर ही जबाबदारी टाकली. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये सीमाशुल्काचे नियम निघाले. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांतील प्रवाशांची नोंद विमान सुटण्याच्या २४ तास आधी सरकारकडे पोहोचवावयाची व ती ५ वर्षे ठेवावयाची, असे ते सांगतात.

याची गरजच नाही, असे मी म्हणणार नाही. डेव्हिड हेडलीने २००६ साली आपले दाऊद गिलानी हे नाव बदलले, तो वारंवार मुंबईस आला आणि हल्ल्याच्या जागा पाहून गेला. २००८ च्या त्या हल्ल्यात १६६ माणसे मेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे पडले त्यांत गाठोडी घेऊन गावी निघालेले गोरगरीबच पुष्कळ होते.

तथापि, हेडलीवरून आपण यंत्रास काय शिकविणार? नाव बदलणारा तो संशयित, असे? मग धम्मदीक्षेनंतर ज्यांनी जातीचे आडनाव टाकून दिले, ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव व पारपत्रावर दुसरे आहे, त्यांनी काय करावे? यंत्र चुकते, हा केवळ आमचा तर्क नाही. बेल्जियममधील एका मानवी हक्क संघटनेने हा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत नेला. २१ जून २०२२ च्या निकालात त्या न्यायालयाने नमूद केले की, २०१८ व २०१९ साली यंत्राने वेगळे काढलेल्या दर ६ माणसांपैकी किमान ५ जण माणसाने तपासल्यावर निर्दोष ठरले. म्हणून न्यायालयाने निर्देश रद्द केला नाही, पण त्यास आवळले. ज्याच्याविरुद्ध काहीच आढळले नाही त्याची नोंद ६ महिन्यांपलीकडे ठेवता येणार नाही. आणि संशयाच्या कसोट्या आपणच रचणारे व बदलणारे यंत्र चालणार नाही.

आता ते मोठे कारण. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मूल जन्मताच संशयित ठरत असे. हजेरी द्यावयाची, गाव सोडावयाचे तर परवाना घ्यावयाचा! सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण पाहिलेल्यांची लेकरे-नातवंडे आजही आपल्यात आहेत. त्याही कायद्याची भाषा गुन्हे थांबविण्याचीच होती. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे संविधान अमलात आल्यावरही अडीच वर्षांनी. वसलसुत्तात भगवान बुद्धांनी माणसाची पारख कर्मावरून करावयास शिकविले आहे. संशयाचा कायदा त्याच कसोटीस उतरला पाहिजे.

आपल्या २०२२ च्या नियमांत वंश, धर्म, राजकीय मत उघड होईल अशी छाननी मना केली आहे, हे चांगले झाले. पण त्या यादीत ‘जात’ हा शब्द नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये तो आहे. या देशात आडनावावरून काय काय ओळखले जाते, हे आपणांस मी सांगावयास नको. तो शब्द नियमांत घालावा, अशी लेखी मागणी आपल्या संस्थांनी खासदारांमार्फत करावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खाजगीपणास मूलभूत हक्क मानले आहे. त्याचा आधार घ्यावा.

आणि ज्यांच्या घरी कोणी परदेशी निघाले आहे त्यांनी नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा, तिकिटावर पारपत्रातील नावच अक्षरशः लिहावे व राजपत्राची प्रत प्रवासात जवळ ठेवावी.